भौतिकोपचार केंद्रातील सहा महिने
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शस्त्रक्रिया यशस्वी झाली, मोडलेले हाड जुळून आले, पक्षाघाताच्या झटक्यातून प्राण वाचले, असे डॉक्टर सांगतात तेव्हा घरातील सर्वांच्या जिवात जीव येतो. परंतु रुग्ण घरी परततो आणि ध्यानात येते की, त्यास स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपाशीच तो थबकतो. रोग बरा होणे आणि माणूस पुन्हा आपल्या पायांवर उभा राहणे यांत बरेच अंतर असते. ते अंतर पार करून देणारे शास्त्र म्हणजे भौतिकोपचार, अर्थात फिजिओथेरपी होय. या शास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून या विषयाची ओळख करून देणे, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

हे शास्त्र नवे नाही. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशास्त्राची संस्था स्थापन केली आणि शास्त्रशुद्ध हालचालींद्वारे उपचाराची परंपरा तेथून रुजत गेली. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन या व्यवसायाची पहिली संघटना उभारली. आपल्या देशात पोलिओने पाय अधू झालेल्या बालकांचा प्रश्न गंभीर असताना १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि मुंबई महानगरपालिका यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. त्यानंतर १९५५ साली हाजी अली येथे पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आकारास आली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. परंतु मधुमेह, गुडघेदुखी, पक्षाघात आणि वाढते आयुर्मान यांमुळे या शास्त्राची निकड कमी न होता वाढतच गेली. ८ सप्टेंबर हा दिवस १९९६ पासून जगभर भौतिकोपचार दिन म्हणून पाळला जातो.

नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार ही पदवी साडेचार वर्षांची असे. त्यांतील शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांत राहून शिकण्याचे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ साली जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात पदवी पाच वर्षांची असून आंतरवासिता पूर्ण एक वर्षाची केली आहे. पुस्तकांपेक्षा रुग्ण अधिक शिकवतो, हेच या वाढीमागील मर्म म्हणावे लागेल.

आता त्या विद्यार्थिनीकडे वळू. ती तालुक्याच्या गावातील एका व्यापारी कुटुंबातील मुलगी. तिला एम.बी.बी.एस. ला जावयाचे होते. परंतु गुण थोडक्यात कमी पडले आणि ती नाइलाजाने या शाखेत आली. चार वर्षे तिने मन लावून अभ्यास केला, तरीही मनातील सल गेला नव्हता. सणासुदीला नातेवाईक विचारीत, “शेवटी मालिशच ना ते? त्यासाठी एवढी वर्षे कशाला?” या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते. घरात तर पदवी हाती आली की लग्न करून टाकावे आणि हा विषय तेथेच संपवावा, असा विचार चालू होता. अशा मनःस्थितीत एका सेवाभावी संस्थेच्या भौतिकोपचार केंद्रात तिची आंतरवासिता सुरू झाली.

पहिल्याच दिवशी तिला एक साधे काम मिळाले. गुडघा दुखणाऱ्या एका वृद्ध स्त्रीला गरम शेक द्यावयाचा होता. शेकाची पिशवी उचलण्यापूर्वीच केंद्रप्रमुख बाईंनी तिला थांबविले आणि एक गरम व एक गार पाण्याची अशा दोन परीक्षानळ्या तिच्या हाती दिल्या. वृद्धेला डोळे मिटावयास सांगून त्या नळ्या आळीपाळीने गुडघ्यावर टेकवावयाच्या आणि कोणती गरम, कोणती गार हे विचारावयाचे. मधुमेहाच्या काही रुग्णांच्या त्वचेची संवेदना मंदावलेली असते. त्यांना चटका कळत नाही आणि शेकानेच त्वचा भाजते. ही चाचणी पुस्तकात होती, परीक्षेतही तिने ती लिहिली होती. परंतु तीस सेकंदांच्या या सावधगिरीवर एका माणसाची सुरक्षितता अवलंबून आहे, हे तिला त्या दिवशी उमगले.

हळूहळू मोजमापाची शिस्त अंगी बाणली. व्यापारात जसे नजरेच्या अंदाजाने माप देत नाहीत, तसेच येथेही होते. सांधा किती वळतो हे कोनमापकाने मोजून अंशांत लिहावयाचे. खुर्चीवरून उठण्यासाठी गुडघा साधारण ९० अंश वळावा लागतो. मांडी घालून वा उकिडवे बसण्यास त्याहून बराच अधिक. स्नायूंच्या बळाला शून्य ते पाच अशी श्रेणी असते. शून्य म्हणजे स्नायू मुळीच हलत नाही. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येतो. पाच म्हणजे पूर्ण बळ. रुग्ण म्हणतो, “काही फरक नाही.” अशा वेळी कागदावरील दोनाची श्रेणी तीन झालेली दाखविली की त्याच्या चेहऱ्यावर आशा उमटते. श्रद्धेला हिशेबाची जोड मिळाली की धीर टिकतो, हा अनुभव तिला वारंवार आला.

तथापि तिची खरी कसोटी लागली ती दुसऱ्या महिन्यात. पासष्टीचे एक कापड-दुकानदार पक्षाघातानंतर केंद्रात येऊ लागले. उजवी बाजू निकामी झालेली, वाचा किंचित अडखळणारी. चाळीस वर्षे ज्या हाताने ताका उलगडून गिऱ्हाइकापुढे अंथरला, तो हात मांडीवर निर्जीव पडलेला. त्यांचा मुलगा त्यांना खुर्चीतून उठविताना त्याच दुबळ्या हाताला धरून ओढीत असे. विद्यार्थिनीने ते पाहिले आणि नम्रपणे थांबविले. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात. हात ओढल्यास खांद्याचा सांधा खाली निसटतो आणि मागाहून असह्य वेदना सुरू होतात. रुग्णास उठविताना कमरेपाशी आधार द्यावा, हात कधीही ओढू नये, हे तिने करून दाखविले.

सुरुवातीस ती त्यांच्याकडून ठोकळे उचलण्याचा, खुंट्या रोवण्याचा सराव करून घेई. त्यांचे लक्ष लागत नसे. केंद्रप्रमुख बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, “हा हात पूर्वी काय करीत होता?” दुसऱ्या दिवशी तिने घरून दोन मीटर सुती कापड आणले आणि टेबलावर ठेवले. त्या गृहस्थांनी प्रथम डाव्या हाताने कापडाचा पोत चाचपला, नंतर उजवा हात डाव्याने उचलून कापडावर ठेवला. घडी घालणे, काठ जुळविणे, उलगडणे, पुन्हा घडी घालणे, हाच त्यांचा व्यायाम ठरला. मेंदूचा एक भाग निकामी झाला तरी उरलेला भाग सरावाने नवे मार्ग शोधू शकतो आणि तो सराव रुग्णाच्या नित्याच्या, अर्थपूर्ण कामाचा असेल तर अधिक उपयोगी पडतो, हे आधुनिक शास्त्र सांगते. पाचव्या आठवड्यात अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कापडाचा काठ क्षणभर धरला गेला.

आणि नेमके तेव्हाच त्यांचे येणे बंद झाले. लग्नसराई सुरू झाली होती. मुलाला दुकान सोडून त्यांना आणणे शक्य नव्हते. दूरध्वनीवर मुलगा म्हणाला, “खूप झालं. बाबांनी आता बसून खावं. आम्ही आहोत ना बघायला.” या बोलण्यात अनादर नव्हता, उलट प्रेमच होते. परंतु पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने सुधारणेच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे असतात. प्रेमापोटी माणसाला बसवून ठेवले की उरलेसुरले बळही ओसरते. ती विद्यार्थिनी त्या दिवशी खिन्न झाली. बाई तिला म्हणाल्या, “रुग्ण आपल्याकडे तासभर असतो. उरलेले तेवीस तास तो घरी असतो. त्या तेवीस तासांसाठी तू कोणाला काय शिकवलंस?”

या प्रश्नाने तिची दिशा बदलली. बाईंच्या अनुमतीने तिने त्या घरी पुन्हा दूरध्वनी केला आणि केवळ एक दिवस सासूबाई व सूनबाई दोघींना केंद्रात बोलाविले. दोन तास बसून तिने त्यांना सर्व शिकविले. पलंगावर कुशीस कसे वळवावे, दुबळ्या हाताखाली उशी कशी ठेवावी, खुर्चीतून उठण्याचा सराव दिवसातून किती वेळा करावा, हे एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले. काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय प्रथम आणि उतरताना दुबळा पाय प्रथम, हेही त्यात होते. शेवटच्या पानावर तिने लिहिले होते : “दुकानातून रोज एक कापड घरी आणावे. काकांनीच त्याची घडी घालावी. इतरांनी मदत करू नये.” सूनबाईंनी ती वही स्वयंपाकघरातील कपाटाला अडकविली आणि नियम चालविला. दर पंधरा दिवसांनी गृहस्थ तपासणीस येऊ लागले.

हे गृहस्थ पूर्ववत झाले, असे सांगता येणार नाही. त्यांच्या उजव्या हातात कात्री पुन्हा आली नाही आणि सहीही ते डाव्या हाताने करू लागले. परंतु विद्यार्थिनीची आंतरवासिता संपण्याच्या सुमारास ते काठी टेकीत स्वतः दुकानाच्या पायऱ्या चढले. गादीवर मांडी घालणे अशक्य होते, म्हणून मुलाने गल्ल्याशेजारी उंच खुर्ची मांडली. तेथे बसून ते गिऱ्हाइकांनी पाहून टाकलेल्या कापडांच्या घड्या घालू लागले. घडी थोडी वाकडी पडे. नोकर ती मागाहून सरळ करीत. परंतु त्यांच्यादेखत कोणी करीत नसे. घरातील एक माणूस ओझे होण्यापासून वाचला, एवढे खरे.

विद्यार्थिनीच्या घरीही एक बदल झाला. तिच्या वडिलांना मधुमेह होता आणि त्याच काळात त्यांचा खांदा आखडला. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो. त्यांनी आधी गावातील मालिशवाल्याकडून खांदा जोराने ओढून घेतला होता. त्याने वेदना वाढल्या होत्या. मुलीने कोनमापक लावून हात किती वर जातो हे लिहिले, दुखऱ्या मर्यादेच्या आत राहून करावयाचे व्यायाम ठरवून दिले आणि महिनोन्‌महिने चिकाटी धरावी लागेल, हे प्रथमच स्पष्ट सांगितले. काही महिन्यांनी वडिलांनी स्वतःच्या हाताने सदरा डोक्यावरून घातला. त्यानंतर “मालिशच ना ते?” असे कोणी विचारले की उत्तर वडीलच देऊ लागले. लग्नाचा विषय निघाला तेव्हा, मुलीचा व्यवसाय चालू राहील काय, हा प्रश्नही त्यांनीच प्रथम विचारला.

या अनुभवातून समाजाने घ्यावयाचा बोध थोडका, परंतु महत्त्वाचा आहे. उपचार नोंदणीकृत, पदवीधर भौतिकोपचारतज्ज्ञांकडूनच घ्यावेत. वेदना थांबली म्हणून व्यायाम थांबवू नये. यंत्राने मिळालेला आराम तात्पुरता असतो, स्नायूंनी कमावलेले बळ टिकते. वृद्धांची सेवा करताना त्यांचे काम त्यांच्या हातून काढून घेऊ नये. अनेक संस्थांतून वॉकर, काठ्या, चाकाची खुर्ची इत्यादी साहित्य रुग्णांना वापरण्यास दिले जाते. हे कार्य स्तुत्य आहे. देताना एवढेच पाहावे की रुग्ण ताठ उभा असता, हात सैल सोडल्यावर मनगट जेथे येते, तेथे वॉकरची मूठ असावी. उंची चुकली तर आधारच पडण्यास कारण होतो. तद्वतच, ज्या घरातील मुले-मुली या शाखेत शिकत आहेत, त्या घरांनी या शिक्षणास दुय्यम मानू नये.

दान अनेक प्रकारचे असते. पैसा दिला जातो, वस्तू दिली जाते. परंतु दुसऱ्याच्या दुबळ्या हाताला घाई न करता, न कंटाळता, दिवसामागून दिवस वेळ देणे हे दान दुर्मीळ आहे. ते देऊ शकणारे हात आपल्या घराघरांतून घडोत आणि समाजातील एकही वृद्ध केवळ कोणी वेळ दिला नाही म्हणून खाटेला खिळून न राहो, हीच सदिच्छा.