धक्का मारण्याआधी दोन मिनिटे
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



फलकावर विषय लागला तेव्हा एकदोघांनी विचारले, गणपतीत गाडीचे काय काम? बेळगावात हा प्रश्न पडू नये. उद्यमबागेत लेथवर नाहीतर फौंड्रीत आयुष्य गेलेली माणसे आपल्या गल्लोगल्ली आहेत, आणि एखादी फियाट किंवा मारुती ८०० अजून कव्हर घालून जपणारी घरेही आहेत. आम्ही दोघे त्यांतलेच. एकाचा हात वायरिंगवर बसलेला, दुसऱ्याचा इंजिनवर. म्हणून आज बोलतानाही दोघांचे मिळून 'आम्ही' असेच बोलू.

जी गाडी कधीच सुरू होत नाही ती सोपी. जी महिन्यातून तीनदा दगा देते ती अवघड. कारण गॅरेजच्या दारात ती शहाण्या मुलासारखी एका चावीत सुरू होते. मिस्त्रीने बघायचे काय? मग तो अंदाजाने एक भाग बदलतो. चार दिवस गुण येतो, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. हा चार दिवसांचा गुण फार फसवा असतो. बॅटरी बदलताना टर्मिनल खरवडले जाते, तारा हलतात, बोल्ट आवळले जातात. सुधारणा त्या हात लागण्याने झालेली असते आणि श्रेय मिळते नव्या बॅटरीला.

टिळकवाडीतल्या एका काकूंची १९८६ची पद्मिनी आमच्याकडे आली ती अशीच. काकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रिक्षात त्यांना चढता येत नाही. फियाटच्या पुढच्या सलग सीटवर मात्र काकू त्यांना नीट बसवून स्वतः चालवत नेतात. वर्षभरात बॅटरी नवी, सेल्फ खोलून ब्रश नवे, कॉइल नवी. तरी दवाखान्यातून निघताना कधीतरी चावी फिरवली की नुसते 'टक'. वॉचमनने धक्का मारायचा आणि घरी यायचे. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "आई, आता ती भंगारात दे." काकू आम्हाला म्हणाल्या, "देते हो, पण डायलिसिसची पाळी चुकवून चालत नाही. यांना नेऊ कशातून ते तरी सांगा."

आम्ही पहिल्या दिवशी गाडीला हात लावला नाही. काकूंना एक वही दिली. गाडी अडली की लिहायचे: किती वाजता, किती चालून आली होती, किती वेळ उभी होती, पाऊस होता का, आणि आवाज कसला आला. आवाज सगळ्यांत महत्त्वाचा. सेल्फ इंजिनाला फिरवतो पण गाडी पेटत नाही, हा एक आजार. सेल्फच फिरत नाही, हा दुसरा. दोन्हींना लोक 'स्टार्ट होत नाही' एवढेच म्हणतात, आणि निम्मा खर्च तिथेच वाया जातो. काकूंच्या वहीत पाचही वेळा 'टक' होते. म्हणजे पेट्रोल, प्लग, कॉइल यांचा संबंधच नव्हता. कॉइल उगाच बदलली गेली होती.

आणि दुसरी अट घातली: गाडी अडली की धक्का मारू नका, आधी आम्हाला फोन करा. धक्का मारून गाडी सुरू झाली की पुरावा गेला.

फोन आला तो श्रावणातल्या एका संध्याकाळी, दवाखान्याच्या आवारातून. पाऊस चालूच होता. आम्ही पोचलो, गियर न्यूट्रलमध्ये घातला, हँडब्रेक ओढला, हेडलाइट लावले आणि काकूंना चावी फिरवायला सांगितले. 'टक' झाले, पण दिवे फारसे मंदावले नाहीत. बॅटरी मेली असती तर दिवे पार विझल्यासारखे झाले असते. मीटर लावला: उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते, आणि सेल्फ मारताना ९.६च्या खाली गेली तर तिच्यावर संशय घ्यावा. ही ११च्या खाली उतरेना. बॅटरी निर्दोष होती. करंट वाटेत कुठेतरी अडत होता.

आता वाट समजून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह तार जोडलेली असते बॉडीला. इंजिन बसते रबराच्या माउंटिंगवर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते, अर्थची पट्टी. सेल्फला लागणारा शंभराहून अधिक अँपिअरचा करंट तिच्यातूनच परत यायचा. दिव्यांची अर्थ थेट बॉडीवर, म्हणून ते झगझगीत. सेल्फ मात्र उपाशी.

मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरली. सेल्फ मारताना तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा दिसला पाहिजे. दिसला ४च्या वर. आमच्यातल्या एकाने चोकच्या केबलला हात लावला, ती कोमट लागली. पट्टीने वाट अडवली की करंट अशी चोरवाट शोधतो. मग जंपर केबलचे एक टोक निगेटिव्ह खांबाला, दुसरे इंजिनाला. चावी फिरवली आणि इंजिन लगेच धडधडले. काका सीटवरून म्हणाले, "एवढंच?"

पट्टी वरून बरी दिसत होती. काढून वाकवली तर आतल्या बहुतेक तारा हिरव्या पडून तुटलेल्या, आणि बोल्टखाली गंज. इंजिन तापले, हादरले की उरलेल्या तारांचा स्पर्श कधी असे, कधी नसे. आपल्या पावसाचा प्रताप. नवी पट्टी घातली, बोल्टखालची जागा लोखंड चमकेपर्यंत घासली, वर ग्रीस लावले. बॅटरी, ब्रश आणि कॉइल या तिघांपुढे पट्टीची किंमत चिल्लर होती.

दुसऱ्या आजाराबद्दल थोडक्यात. सेल्फ फिरतो पण गाडी पेटत नाही, आणि असे पावसातच होते, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण आतून कोरड्या फडक्याने पुसा. अंधारात बॉनेट उघडून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगितले तर प्लगच्या जुन्या वायरींवर निळ्या ठिणग्या खेळताना दिसतात. असे उन्हाळ्यात, गाडी तापल्यावर होते आणि अर्ध्या तासाने आपोआप जाते, तर कंडेन्सर किंवा कॉइल, नाहीतर पेट्रोल पंपात झालेली वाफ. पंपावर ओले फडके टाकून गाडी लगेच सुरू झाली तर वाफच. घाटात जुने ड्रायव्हर हेच करत.

काकूंची वही आम्ही परत मागितली नाही. अडल्याची शेवटची नोंद त्या श्रावणातल्या संध्याकाळचीच आहे. पुढच्या पानांवर आता डायलिसिसच्या तारखा आणि काकांचे वजन लिहिलेले असते. ती जुनी पट्टी मात्र आम्ही आणली आहे. मीटरशेजारी टेबलावर ठेवली आहे. हातात घेऊन वाकवून बघा, आणि ज्यांच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत त्यांनी बॉनेट उघडून ठेवा, आम्ही येतोच.