पांढरं जातं, कंबर दुखते



कळंब्याच्या आसपासच्या बायका माझ्या दवाखान्यात येतात त्या दोनच तक्रारी घेऊन. अंगावरून पांढरं जातंय आणि कंबर धरलीय. सोबत सासू किंवा जाऊ बसलेली. त्यामुळे तिसरी गोष्ट, म्हणजे नवऱ्याजवळ जाताना दुखतं किंवा नकोसंच वाटतं, ही दारापर्यंत गेल्यावर हळूच निघते. निघाली तर.

आधी पांढऱ्याचं. थोडं पांढरं जाणं नैसर्गिक आहे. त्यानं हाडं झिजत नाहीत, ताकदही जात नाही. खाज, घाण वास किंवा वेगळा रंग असेल तर बहुधा जंतुसंसर्ग असतो, आणि तो औषधानं बरा होतो. त्यासाठी गर्भपिशवी काढायची नसते! आपल्याकडे ऊस तोडायला येणाऱ्या बीडच्या बायकांच्या पिशव्या इतक्या काढल्या गेल्या, की 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

संबंधाच्या वेळचं दुखणंही सोसायची गोष्ट नव्हे. बाळ अंगावर पीत असताना आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन योनिमार्ग कोरडा पडतो. वंगण देणारी जेल, लावायचं मलम, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, असे साधे उपाय आहेत. इच्छा मरते ती थायरॉईडनं, मधुमेहानं, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी. कधी नवऱ्याच्या धाकानं. आणि पहाटेपासून गोठा, चूल, शेत करून दोन खोल्यांच्या घरात पडद्याआड निजणाऱ्या बाईची इच्छा कुठल्या रक्ततपासणीत शोधायची?

हे सोसणं फक्त आपल्या भागातलं नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. मुकाट्यानं सोसणं म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत दिसतं.

बोलायला तरी कुणी सुरुवात केली नव्हती असं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. बाईलाही कामसुखाचा हक्क आहे, असं ते उघड लिहीत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला, पण मासिक 1953 पर्यंत, कर्व्यांच्या अखेरीपर्यंत, चाललं. आज असा खटला सहसा कुणी भरत नाही. तरी माझ्यासारखे डॉक्टर पाळीची तारीख विचारतात आणि पुढचं विचारायला लाजतात. हा दोष आमचा, पेशंटचा नव्हे.

तेव्हा बायांनो, पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा, मला एकटीला बोलायचंय. सासूबाईंना, नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसू दे. नंतर नवऱ्याला मात्र जरूर आत बोलवा. उपचारातला अर्धा भाग त्याच्याकडेच असतो.