पायली, शेर आणि शीग
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संपादित भाग)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मापांसारखा विषय काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या समाजाच्या कित्येक पिढ्या दुकानाच्या गादीवर आणि वखारीच्या उंबरठ्यावर वावरल्या, त्या समाजाला माप हा विषय परका कसा म्हणावा? घराच्या माळ्यावर पडलेली जुनी पायली आणि लाल कापडात बांधलेली वही या दोन वस्तू एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. वहीत ‘ज्वारी इतक्या पायल्या’ असे लिहिलेले असते. ती ज्वारी आजच्या हिशेबाने किती, हे पाहू गेले की नातवंडांची गाडी अडते. कोणी म्हणते पायली म्हणजे चार किलो, कोणी सांगते पाच, कोकणातला पाहुणा तिसराच आकडा देतो. यांतील प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या पायलीपुरते बरोबर असू शकते, आणि खरी अडचण तीच आहे.

कोष्टक तसे सोपे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे पायलीत चार शेर, आठ मापटी, सोळा चिपटी, बत्तीस कोळवी आणि चौसष्ट निळवी. सारी रचना दुपटीची. तराजू नसलेल्या घरातही धान्याचे दोन सारखे वाटे करता येतात, त्यांचे पुन्हा दोन करता येतात. अक्षरशत्रू माणसालाही हा हिशेब हाताने कळत असे. नववधू उंबरठ्यावर ओलांडते ते धान्याने भरलेले मापही याच कुटुंबातले. खळ्यावर मोजणी सुरू झाली की पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि मग दोन, तीन असे पुढे जायचे, ही रीत जुन्या मंडळींच्या कानांत अजून असेल.

पायलीच्या वर मात्र रस्ता फुटतो. वीस मणांची एक खंडी हे सर्वमान्य, पण मण किती पायल्यांचा? कोठे सोळा, कोठे बारा. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘बारुले’ हा शब्द येतो तो याच बारा पायल्यांच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस शेरांच्या मणासाठी. सोळाच्या मणाने खंडीत ३२० पायल्या होतात, बारुले मणाने २४०. एका खंडीमागे ऐंशी पायल्यांचा फरक! म्हणून जुने कारकून नुसते ‘खंडी’ लिहून थांबत नसत. कोणत्या मापाने, तेही लिहीत. शिवाय मापून घेतलेल्या धान्याला ‘कैली’ आणि तोलून घेतलेल्या मालाला ‘वजनी’ असा भेद ते काळजीपूर्वक करीत. हा एक शब्द गाळला की सारा हिशेब कोसळतो, कारण मण दोन्हीकडे आहे. ऐंशी तोळ्यांच्या पक्क्या शेराने चाळीस शेरांचा वजनी मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा. त्याचा आणि कैली मणाचा संबंध फक्त नावापुरता. केडगावच्या बाजारातला गूळ ढेपेने येतो, कांदा गोणीने येतो. हा माल मुळातच तोलण्याचा. पायलीचे राज्य होते ते ज्वारी, बाजरी, हरभरा यांच्यावर.

आता शास्त्राकडे वळू. अनुयोगद्वार सूत्रात धान्यमानाची परंपरा सविस्तर दिलेली आहे. दोन असतींची एक पसृती, म्हणजे आपला मराठी पसा. दोन पसृतींची एक सेतिका, म्हणजे ओंजळ. चार सेतिकांचा कुडव, चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. म्हणजे द्रोणात चौसष्ट कुडव, जशी पायलीत चौसष्ट निळवी. कुंभ मात्र तीन प्रकारचा सांगितला आहे: साठ आढकांचा जघन्य, ऐंशींचा मध्यम आणि शंभरांचा उत्कृष्ट. एकाच नावाची तीन मापे व्यवहारात असतात, ही गोष्ट सूत्रकारांनी लपविली नाही. प्रत्येकाला विशेषण लावून ती नोंदविली. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचला, तेव्हा त्यांनीही आरंभीच्या संज्ञाधिकारात मापांची कोष्टके दिली. आधी कोष्टक, मग गणित, हा क्रम त्यांना आवश्यक वाटला.

याच अनुयोगद्वारात धान्यमानानंतर रसमान येते, म्हणजे तेल-तुपासारख्या पातळ पदार्थांचे माप. तेथे एक अतिशय मार्मिक नियम आहे. रसाचे माप धान्याच्या मापापेक्षा चतुर्थांशाने मोठे आणि ‘आभ्यंतर शिखायुक्त’ असावे, असे सांगितले आहे. शिखा म्हणजे मापाच्या काठावर उभी राहणारी धान्याची रास. मराठीत तीच ‘शीग’. उत्सुकता शिगेला पोहोचते ती याच शिगेला! धान्याला काठाच्या वर शीग चढते. तेलाला चढत नाही. मग तेल घेणाऱ्याला तेवढेच मिळावे म्हणून वरची शिखा भांड्याच्या पोटात घालून भांडेच मोठे करायचे. ज्यांनी हा नियम केला त्यांनी माप भरणारा हात जवळून पाहिला होता, यात शंका नाही.

शीग किती असते? गव्हाची रास साधारण २५ ते २८ अंशांच्या उतारावर स्थिरावते. समजा, पाच लिटरांची एक उभट पायली आहे. तोंड २० सेंटिमीटर रुंद, खोली १६. तिच्यावर शीग लावली तर सुमारे अर्धा लिटर धान्य अधिक बसते, म्हणजे दहावा हिस्सा. आता दुसरी पायली घ्या. पोटात तेवढेच पाच लिटर, पण बसकी. तोंड २८ सेंटिमीटर, खोली ८ सेंटिमीटरांहून किंचित जास्त. तिची शीग जवळजवळ दीड लिटर भरते, चतुर्थांशाहूनही थोडी अधिक. दोन्ही पायल्या पाण्याने मोजल्या तर सारख्याच. त्यांतली एक धान्य घेण्याकरिता आणि दुसरी देण्याकरिता वापरली, तर कोणत्याही तपासनीसाला भांड्यात दोष सापडणार नाही. किंबहुना दोन भांड्यांचीही गरज नाही. बसकी पायली शिगेने घ्यावी आणि हात फिरवून सपाट द्यावी. चार पायल्या घेऊन पाच विकता येतात, आणि तोंडाने एकही असत्य शब्द बोलावा लागत नाही.

म्हणूनच तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ याची गणना झाली आहे. मान म्हणजे प्रस्थादी मापे, उन्मान म्हणजे तराजूचे वजन. देताना उणे, घेताना अधिक, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी स्पष्ट केला आहे. हा अतिचार असत्याच्या नव्हे, चोरीच्या सदरात घातला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हा प्रश्न नुसत्या दुकानापुरता नव्हता. या भागात बी-बियाण्यासाठी वा पोटासाठी धान्य उसने घेतले जाई आणि सुगीला ते सवाईने किंवा दिढीने फेडले जाई. सवाई म्हणजे शंभर पायल्यांच्या सव्वाशे, दिढी म्हणजे दीडशे. वहीत तेवढेच लिहिलेले असे. पण धान्य देताना सपाट माप आणि परत घेताना शीग, असे झाले तर? उभट पायलीने सव्वाशेंच्या जागी सुमारे १३७ पायल्या जातात. बसक्या पायलीने १६१. म्हणजे वहीत सवाई आणि खळ्यावर दिढीहून जास्त. वही खोटी नाही, साक्षीदार खोटे नाहीत, तरी कुणब्याच्या कणगीतले धान्य गेलेच.

१२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला, हे सर्वश्रुत आहे. शेतकऱ्यांचा रोष मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांवर होता आणि त्यांनी कर्जरोखे व वह्या जाळल्या. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्या दंग्याचे कारण कर्ज, व्याज आणि कोर्टाचे हुकूमनामे हे होते; ते मापावर लादणे इतिहासाला धरून होणार नाही. सावकारांत सारेच लुबाडणारे होते असेही नाही, आणि ओले वा मातकट धान्य मापात घालणारा शेतकरीही विरळा नव्हता. तथापि वहीवरचा विश्वास एकदा उडाला की बरोबर लिहिलेली वहीसुद्धा आगीत जाते. सुपे येथून दूर नाही. समाजाच्या सुवर्णमहोत्सवात ही आठवण काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण पूर्वजांच्या दानाची नोंद ठेवणाऱ्याने त्यांच्या काळाचीही ठेवावी, हे उचित होय.

सरकारने मापांत एकरूपता आणण्याचे प्रयत्न पुढे केले. मुंबई इलाख्यात १९३२ साली वजन-मापांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली संसदेने दशमान पद्धतीचा कायदा केला. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आले आणि १९६२ नंतर शेर-मण कायदेशीर व्यवहारातून गेले. बाजार समितीत ‘मापाडी’ हा शब्द तेवढा राहिला, जरी त्याच्या हाती आता काटा आहे.

आता मूळ प्रश्न: पायलीचे किलो किती? याचे एक उत्तर नाही, कारण पायली जागा मोजते आणि किलो वजन. एक लिटर गहू साधारण ७५० ते ८०० ग्रॅम भरतो, साळीचा भात ५५० ते ६००. म्हणजे पाच लिटरांच्या एकाच पायलीत सपाट मापाने गहू पावणेचार ते चार किलो आणि भात पावणेतीन ते तीन किलो. तेव्हा जुन्या वहीतील आकडा वाचताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: पायली कोणती, धान्य कोणते, आणि माप सपाट की शिगेचे. दोन गोष्टी वहीतून व धान्यातून निघतील. पहिली मात्र भांड्यातूनच निघते.

ज्यांच्या घरी अशी पायली आहे, त्यांनी ती मोडीत घालण्यापूर्वी एवढे करावे. रिकामी पायली स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून वजन घ्यावे. मग गाळलेल्या पाण्याने काठोकाठ भरून पुन्हा वजन घ्यावे; जितके किलो वाढतील तितके लिटर तिचे माप. पायली लाकडी असेल किंवा गळत असेल तर आत प्लॅस्टिकची पिशवी नीट पसरून घ्यावी. तोंडाची रुंदी आणि आतली खोली पट्टीने मोजावी, म्हणजे शिगेचा अंदाजही बांधता येईल. हे चारही आकडे एका कागदावर लिहून तो कागद त्या घराच्या जुन्या वहीत, पहिल्या पानाला लावून ठेवावा.