जाळं कापायचं, पण व्हिडिओ काढून!

मी बोलतेय बोर्ली पंचतनहून. इथून दिवेआगरची पुळण जवळ, भरडखोलच्या होड्याही जवळ.

कासव आणि डॉल्फिन राहतात पाण्यात, पण श्वास घेतात हवेतला. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, की गुदमरून मरतात. म्हणजे होडीवरच्या माणसाच्या हातात वेळ थोडा आणि समोर काय, तर हजारो रुपयांचं जाळं! किनाऱ्यावर उभं राहून ‘सोडा त्याला’ म्हणणं फार सोपं आहे हो.

म्हणून मला राज्य सरकारची डिसेंबर २०१८ ची योजना पटते. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी जाळं कापून जिवंत सोडला, तर मच्छीमाराला जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई मिळते. त्या दिवसाची मासळी गेली, डिझेल जळलं, ते वेगळंच. तरी जाळ्याचा खर्च थोडा तरी निघतो.

पुरावा मात्र लागतो: फोटो किंवा व्हिडिओ. म्हणजे एकाने जाळं कापायचं, दुसऱ्याने मोबाइल धरायचा. फाटलेलं जाळंही दिसू दे.

होडीवर जाणारं तुमचं कुणी असेल, तर हे त्याला आज रात्रीच पाठवा. पहाटे तो रेंजबाहेर गेलेला असेल.