बसऱ्याला गेलेले आपले खलाशी



आज सकाळी सरांनी आपला जुना हजेरीपट उघडून नावं वाचली. साठी ओलांडलेली आपण माणसं 'हजर' म्हणताना पुन्हा शाळकरी झालो. काही नावांना उत्तर आलं नाही. तिथं सर थांबले, नाव पुन्हा एकदा वाचलं आणि मगच पुढे गेले. मला आज जे सांगायचं आहे, ते अशाच काही नावांबद्दल आहे.

नववीत असताना मी आजोबांचं पदक शाळेत आणलं होतं, काहींना आठवत असेल. आजोबांना मी पाहिलेलं नाही. आजी एवढंच सांगायची, "ते बसऱ्याच्या लढाईत गेलेले. नदीवर बोट चालवायचे." वर्गात कुणी तरी विचारलं, "बंदूक किती वेळा चालवली?" मी खरं ते सांगितलं, "एकदाही नाही." सगळे हसले. मी पदक खिशात टाकलं.

इतिहासाच्या सरांनी ते मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नकाशा टांगला. त्यांनी तेव्हा सांगितलेलं आणि मी पुढे वाचलेलं, असं दोन्ही मिळून थोडक्यात सांगतो.

नोव्हेंबर 1914 मध्ये इंग्रजांच्या हिंदी फौजेनं बसरा घेतलं. तिथं मोठी जहाजं लागतील असा धक्काच नव्हता. मुंबईहून गेलेलं जहाज नदीच्या मध्यावर नांगर टाकी आणि धान्याची पोती, चारा, तोफगोळे, जनावरं, सगळं लहान होड्या-पडावांत उतरवावं लागे. पुढे धड रस्ता नाही, रेल्वे नाही. टायग्रिस नदी हीच वाट. बगदादपर्यंत नदीनं सुमारे 800 किलोमीटर. पाणी उथळ, पात्र वळणावळणाचं, जागोजाग गाळ. बोटीच्या दोन्ही अंगांना बार्ज बांधून माल वर न्यायचा आणि परतताना जखमी माणसं खाली आणायची.

डिसेंबर 1915 मध्ये कुत या गावी एक फौज वेढ्यात सापडली. त्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. त्यांना सोडवण्यासाठी माणसं आणि रसद बसऱ्याला येत होती, पण नदीतून वर न्यायला बोटी अपुऱ्या होत्या. एप्रिल 1916 मध्ये 'जुलनार' ही बोट 270 टन रसद घेऊन रात्री निघाली, ती तुर्कांच्या हाती पडली. 29 एप्रिलला कुतमधली सुमारे 13 हजार माणसं शरण गेली.

त्यानंतर लष्करानं आपल्या इंजिनिअरांच्या हाताखाली नदीवाहतुकीचं वेगळं दल उभं केलं. ही माणसं नौदलाची नव्हती, लष्कराचीच होती. तांडेल, सुकाणी, आगवाले, खलाशी हिंदुस्थानच्या नद्यांवरून आणि किनाऱ्यांवरून भरती झाले. त्यांत आपल्या कोकणातलेही होते. शेकडो बोटी जमल्या, बसऱ्याजवळ धक्के बांधले गेले, आणि 11 मार्च 1917 रोजी फौज बगदादला पोचली.

सर म्हणाले, "ज्या बोटी कमी पडल्या म्हणून कुत गेलं, त्या बोटी पुढे याच्या आजोबांनी चालवल्या." मग त्यांनी भिंग घेतलं आणि पदकाच्या कडेवर कोरलेली अक्षरं वाचली. आधी नंबर, मग आजोबांचं नाव. अगदी हजेरी घेतात तसं, मोठ्यानं. त्या वेळी कुणी हसलं नाही.

घरी येऊन आजीला सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं. "कुठं आहे नाव?" म्हणाली. मी तिचं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं.

बसऱ्याला एक युद्धस्मारक आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी ते उभारलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या हिंदी सैनिकांच्या वाट्याला दलाचं नाव आणि मेलेल्यांचा आकडा एवढंच आलं. आपल्याकडे गावोगावी त्या लढाईच्या पाट्या आहेत ना? त्यांवरही तेच: गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं 2021 मध्ये हा भेदभाव मान्य करून माफी मागितली.

माझे आजोबा परत आले, म्हणून पदक घरात राहिलं. त्यांच्याबरोबर गेलेले शेजारच्या वाडीतले दोघं परतले नाहीत. एकाचं नाव आजीनं सांगितलं होतं, ते माझ्या वहीत आहे. दुसऱ्याला ती 'खालच्या खळ्यातला' एवढंच म्हणायची. नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. 1979 मध्ये आजी गेली. ते घरही आता नाही. पुष्कळ जणांना विचारलं, कुणाला सांगता येत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. घरी गेल्यावर जुन्या पेट्या उघडा. पदक सापडलं तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका, आधी कडेवरची अक्षरं वाचा. पेन्शनचा कागद, मनिऑर्डरची पावती, काहीही असो, उतरवून घ्या. नव्वदीतली आत्या किंवा काकू असेल तर आजच विचारा. मुख्याध्यापक बाईंनी ग्रंथालयात एक वही ठेवायचं कबूल केलं आहे. पहिल्या पानावर मी दोन नावं लिहिली आहेत आणि तिसरी ओळ कोरी सोडली आहे. तुमच्यापैकी खालच्या वाडीशी कुणाचं नातं असेल तर ती ओळ भरायला मला मदत करा.

पुढच्या मेळाव्यात सर हजेरी घेतील, तेव्हा ही वहीही वाचू. उत्तर येणार नाही हे माहीत आहे. तरी नाव वाचून सरांसारखं क्षणभर थांबू.