जीवाणूंच्या सभेतील कोरम

म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस एच. डी. कोटे, म्हणजेच हेग्गडदेवनकोटे, हा तालुका आहे. कबिनी नदी आणि नागरहोळेचे अरण्य यांचा त्याला शेजार. या भागात जेनु कुरुब समाजाची वस्ती पूर्वापार आहे. कन्नड भाषेत ‘जेनु’ म्हणजे मध; रानातील मध गोळा करणे हा या लोकांचा परंपरागत व्यवसाय. मधाने जखम भरते, ही आपल्या देशातील जुनी समजूत. जीवाणुशास्त्राने तिच्याकडे आता एका नव्या बाजूने पाहावयास लावले आहे.

एकटा जीवाणू दुबळा असतो. त्याचे बळ समुदायात. अनेक जातींचे जीवाणू काही रासायनिक रेणू बाहेर सोडीत असतात. वस्ती दाट झाली की हे रेणू साचतात, आणि सभेचा कोरम भरावा तसे सारे एकदम कामाला लागतात. कोणी विष निर्माण करतात, तर कोणी आपल्याभोवती चिकट थर उभारतात. दातांवर साचणारे कीट हे अशा थराचे घरोघरचे उदाहरण होय. थराच्या आश्रयास गेलेल्या जीवाणूंपुढे प्रतिजैविकांची मात्रा पुष्कळदा चालत नाही. समुद्रातील प्रकाशमान जीवाणूंवरील संशोधनातून १९७० साली या संदेशवहनाचा पुरावा पुढे आला.

मग जीवाणूंना मारण्याऐवजी त्यांचे बोलणेच बंद पाडले तर? स्पेनमधील संशोधकांनी २००९ साली दाखविले की, चेस्टनटच्या फुलोऱ्याचा मध काही जीवाणूंचे संदेश आणि त्यांचा थर, दोहोंनाही अटकाव करतो. लसणीतील अजोईन या द्रव्याचा असाच गुण २०१२ साली डेन्मार्कमध्ये आढळला. सैन्य जिवंत राहते, पण सेनापतीचा हुकूम पोहोचत नाही! जीवाणू मारले जात नसल्याने औषधाला न जुमानणारे वाण माजण्याचा धोका कमी राहील, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे.

तथापि काचनळीतील यश म्हणजे रोग्याच्या शरीरातील यश नव्हे. द्रव्य किती द्यावे, ते जखमेपर्यंत पोहोचेल काय, त्यापासून अपाय होईल काय, हे पारखावेच लागते. तोवर मध चाटून वैद्याचे औषध सोडणे शहाणपणाचे नाही.

परंपरा शोधाची दिशा दाखविते. निवाडा प्रयोगाने व्हावयाचा असतो. मात्र कोट्याच्या रानातील एखाद्या वनस्पतीतून उद्या औषध निघाले, तर ती ओळखणाऱ्यांचा विसर पडता कामा नये. परंपरागत ज्ञानाच्या लाभात ते जपणाऱ्यांचा न्याय्य वाटा असावा, हे तत्त्व भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्याने मान्य केले आहे. जीवाणूंची कुजबुज ऐकू शकणाऱ्या शास्त्राला रानातील माणसाचा शब्द ऐकणे अवघड वाटू नये.