पुरात बुडालेली गाडी दान करताना

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं आणि दारातल्या गाड्या बुडाल्या. पूर ओसरला तरी सीटखालचा गाळ आणि तो कुबट वास काही जात नाही. अशी गाडी एखाद्या संस्थेला देऊन टाकावी, असं वाटतं. चांगलंच आहे, पण नुसती किल्ली देऊन भागत नाही. आरटीओच्या दप्तरी एमएच-10 किंवा एमएच-11 च्या त्या नंबरापुढे तुमचं नाव आहे, तोवर कायद्याने मालक तुम्हीच. उद्या ती कुणाला धडकली, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात! म्हणून फॉर्म 29 आणि 30 भरून मालकी बदलून घ्या.

गाडी चालण्याजोगीच नसेल, तर सरळ नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, नोंदणी रद्द करा आणि आलेले पैसे संस्थेला द्या. प्राप्तिकरातली देणगीची सवलत तशीही पैशांना आहे, वस्तूला नाही. केंद्राचं प्रमाणपत्र जपून ठेवा; नव्या गाडीच्या करात त्यावर सूट मिळते.

आणि हो, काचेवरचा फास्टॅग आधी बंद करा. नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि तासवडे नाक्यावरचा टोल तुमच्या खात्यातून!